उसनी माणसं

सिंगापुरात हौगांगमधल्या आपल्या सरकारी घरांच्या ब्लॉकमध्ये निशिगंधा धारप कुणाशी भांडल्याचं कुणाला आठवत नसे, तरी तिला सगळे वचकून असत. लिफ्टमध्ये कुणी ओली छत्री झटकली की ती नुसती बघायची. खाली कॉफीच्या दुकानात कुणी रांग मोडली की तशीच बघायची. त्या बघण्यात राग नसे. राग समजून घेता येतो, त्यावर माफी मागता येते. निशिगंधाच्या नजरेत फक्त एवढंच असे की, तुमच्याकडून याहून जास्त काही अपेक्षित नव्हतंच.

ती सांगलीहून लग्न होऊन सिंगापूरला आली तेव्हा चोविशीत होती. नवरा शामकांत जहाजावर मरिन इंजिनिअर. वर्षातले सात-आठ महिने समुद्रावर. घर शोधणं, बँक, वीज, शाळा, डॉक्टर, सगळं तिनं एकटीनं केलं. किमया झाली तेव्हा शामकांतचं जहाज ब्राझीलच्या किनाऱ्याला होतं. निशिगंधा कळा देत टॅक्सीनं हॉस्पिटलला गेली आणि जाताना ड्रायव्हरनं लांबचा रस्ता घेतला म्हणून त्याला कळांच्या मध्ये मध्ये सुनावत गेली. तेव्हापासून, ज्यांना चार माणसांचा आधार घेतल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही अशा सगळ्यांबद्दल तिच्या मनात एक गार तुच्छता घर करून बसली, ती बसलीच.

या तुच्छतेला सिंगापुरात खाद्य भरपूर मिळालं. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात बँकेतले लोक भेटत. ओळख करून देताना नावाआधी कॉन्डोचं, म्हणजे आपल्या महागड्या खासगी संकुलाचं नाव सांगत. ‘तुम्ही कुठं राहता?’ असं त्यांनी विचारलं आणि निशिगंधानं ‘हौगांग’ म्हटलं की ते क्षणभर थांबून म्हणत, ‘अच्छा, म्हणजे एकदम लोकल!’ निशिगंधा म्हणे, ‘हो. आम्हाला इथं राहायचंय.’ त्यांच्या बायकांबद्दल तर तिला त्याहून कमी आदर होता. शिकलेल्या, सवरलेल्या, पुण्या-मुंबईत चांगल्या नोकऱ्या करणाऱ्या मुली नवऱ्याच्या मागे त्याच्या व्हिसाच्या पासवर इथं यायच्या आणि कॉन्डोच्या तरणतलावाकाठी बाबागाड्या ढकलत एकमेकींना मोदकाची उकड कशी जमली ते सांगत बसायच्या. ‘डिग्रीची सुरळी करून लाटणं केलंय,’ असं ती शामकांतला म्हणे. इथल्या नियमानं त्यांना नवऱ्याच्या पासवर नोकरी करता येत नाही, त्यासाठी कंपनीनं स्वतंत्र पास काढून द्यावा लागतो आणि तो सहजी कुणी देत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण ठाऊक असण्यानं तिच्या मतात काही फरक पडत नसे.

शामकांत जहाज सोडून तुआसच्या गोदीत किनाऱ्यावरची नोकरी करू लागला, किमया ज्युनिअर कॉलेजात गेली, आणि नेमकी तेव्हाच निशिगंधाची नोकरी गेली. एका शिपिंग एजन्सीचं ऑफिस तिनं अठरा वर्षं सांभाळलं होतं. ती एजन्सी दुसऱ्या कंपनीनं गिळली आणि निशिगंधाला फुलांचा गुच्छ मिळाला. पुढचं वर्षभर ती पोरवयाच्या मुलाखतकारांसमोर बसत राहिली. ‘पुढच्या पाच वर्षांत तुम्ही स्वतःला कुठं बघता?’ असं एकानं विचारल्यावर ती म्हणाली होती, ‘तुझ्या समोर तरी नाही.’ ती नोकरी अर्थातच मिळाली नाही. त्या वर्षाबद्दल ती कुणाशी बोलत नसे. दुपारी घरात एकटी असताना तिला आरशात बघायला नको वाटे, कारण तिची ती नजर आरशातूनही तशीच यायची.

आणि मग व्हेस्टरहोल्म आली.

व्हेस्टरहोल्म ही उत्तर युरोपातली जुनी कंपनी. शीतगृहांची यंत्रं बनवायची. मासळी, लोणी, लसी गार ठेवणारी मोठमोठी यंत्रं. पिढ्यान्‌पिढ्या तेच केलं आणि बरं चाललं होतं. मग कुणीतरी सल्लागार येऊन संचालकांना सांगून गेला की, तुम्ही फ्रिजवाले नाहीच, तुम्ही मुळात तंत्रज्ञानवाले आहात. संचालकांना ते फार आवडलं. वर्षातले सहा महिने बर्फात राहणाऱ्या त्या लोकांनी यंत्रांना बुद्धी देण्यासाठी विषुववृत्ताजवळ जागा शोधली. सिंगापूरच्या वन-नॉर्थ भागात एक अख्खा मजला घेतला आणि त्याला ‘एशिया टेक्नॉलॉजी हब’ असं नाव दिलं. त्या हबमध्ये कामाला लागलेलं पहिलं माणूस म्हणजे निशिगंधा. ऑफिस मॅनेजर.

ती पहिल्यांदा तिथं गेली तेव्हा मजल्यावर उघडं सिमेंट होतं आणि छतातून वायरी लोंबत होत्या. तिथून तिनं तो उभा केला. मिस्टर को नावाच्या खडूस कंत्राटदाराशी तिनं गालिच्याच्या रंगावरून, दाराच्या बिजागरीवरून, पॅन्ट्रीतल्या नळावरून हुज्जत घातली. शेवटी तो तिला ‘बॉस’ म्हणायला लागला. सव्वाशे टेबलं लागली. सव्वाशे खुर्च्या आल्या, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या. दुपारी ती खिडकीपाशी एकटीच डबा उघडून बसायची, खाली झाडांच्या रांगा, समोर काचेच्या इमारती, आणि मागे तिनं मांडलेला तो मोठा, स्वच्छ, नवाकोरा मजला. त्या दोन महिन्यांत निशिगंधानं कुणालाही नावं ठेवली नाहीत. शामकांतला वाटलं, बायकोची तब्येत बिघडलीय.

मग हबचा प्रमुख येऊन पोचला.

त्याचा पास निशिगंधानंच काढला होता, त्यामुळे तो यायच्या आधीच तिला तो माहीत होता: यशोधन कारखानीस, वय बेचाळीस, जन्म बार्शी. बार्शी वाचून तिला बरं वाटलं होतं. तो आला तेव्हा पांढरे बूट, काळा टी-शर्ट, मनगटावर पावलं मोजणारा पट्टा.

‘हाय! आय अ‍ॅम यश,’ तो म्हणाला. ‘यू मस्ट बी निश.’

घरात तिला शामकांत निशी म्हणे. त्यातली शेवटची वेलांटी परस्पर छाटून टाकणारा हा पहिलाच.

‘प्रवास बरा झाला ना?’ तिनं मराठीत विचारलं. ‘बार्शीचे का तुम्ही?’

शर्टावर चहा सांडावा तसा त्याचा चेहरा झाला. ‘ओरिजिनली, येस,’ तो म्हणाला. ‘बट दॅट्स अ लाँग टाइम बॅक.’ आणि तो पुढं खुर्च्या बघायला गेला.

‘बार्शीचा माणूस,’ त्या संध्याकाळी तिनं घरी जाहीर केलं. ‘मराठी विसरलाय.’

‘मे बी ही’ज शाय, लाह,’ किमया इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली.

‘लाजणारी माणसं पांढरे बूट घालत नाहीत.’

यशोधनला काम करताना निशिगंधानं फारसं पाहिलं नाही, बोलताना मात्र खूप पाहिलं. तो उभ्यानं बोलायचा, चालताना बोलायचा, काचेच्या भिंतीवर रंगीत पेनांनी गोल काढत बोलायचा. भविष्य, वेग, भूक हे त्याचे आवडते शब्द. भूक तर फारच. नोकरीसाठी आलेल्या इथल्या मुलांना तो एकामागून एक नाकारत गेला, कारण त्यांच्यात भूक नाही. एका चिनी मुलानं मुलाखतीत ऑफिस किती वाजता सुटतं ते विचारलं, तर यशोधन आठवडाभर तो किस्सा सगळ्यांना सांगत होता. निशिगंधाला वाटे, ज्याचं दोन वेळचं जेवण कंपनीच्या खात्यावर चांगल्या हॉटेलातून येतं त्यालाच भुकेचं एवढं कौतुक असणार. बाहेरच्या देशांतून निवडलेल्या लोकांचे पास यायचे होते. काहींचे आले, तर तेवढ्यात ती माणसंच दुसरीकडे गेली. सहा महिन्यांनी त्या सव्वाशे टेबलांच्या मजल्यावर जेमतेम डझनभर माणसं एका कोपऱ्यात बसत. मोठं मंगल कार्यालय घ्यावं आणि वऱ्हाडच येऊ नये, तशी ती जागा दिसे.

मुख्य कार्यालयाला मात्र यशोधन वेगळंच सांगत होता. आठवड्याच्या व्हिडिओ कॉलला निशिगंधाही असायची. ‘वी आर ऑलमोस्ट अ हंड्रेड,’ तो बिनदिक्कत म्हणायचा. आलेले, येणारे, येऊ शकणारे आणि आले असते तर बरं झालं असतं असे सगळे त्यात धरलेले असत. पलीकडचे लोक खूश होऊन माना हलवायचे. एवढे खूश झाले की त्यांनी समारंभपूर्वक उद्घाटन करायचं ठरवलं. स्वतः चेअरमन येणार, सोबत संचालक, पत्रकार, फोटोग्राफर.

ते कळलं त्या दुपारी निशिगंधा पॅन्ट्रीत डबा धूत होती. मागून आवाज आला.

‘निशिगंधाताई, जरा दोन मिनिटं बोलायचं होतं.’

तिनं वळून पाहिलं. यशोधनच होता. पूर्ण नाव, वर ताई, आणि स्वच्छ, बार्शीच्या मातीतलं मराठी. आठ महिने हा माणूस ते कुठं लपवून बसला होता कोण जाणे.

‘बोला की,’ ती म्हणाली.

‘चेअरमन येतायत. आता एवढ्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या तर बरं दिसत नाही ओ. माणसं येणारच आहेत, फक्त आज नाहीत एवढंच. तर त्या दिवसापुरती साठ-सत्तर माणसं बसवता आली तर…’

‘कुठं बसवता आली तर?’

‘टेबलांवर. म्हणजे खुर्च्यांवर. काही करायचं नाही, नुसतं बसायचं. इव्हेंटवाल्यांकडून आणली असती, पण ते बाहेर फुटतं. तुमची ओळख मोठी आहे. मंडळ आहे. तुम्ही मनावर घेतलं तर होतंय की.’

निशिगंधानं हात पुसले. त्या क्षणी तिला जे वाटलं ते सुखाच्या फार जवळचं होतं. इतके दिवस ती त्याच्याबद्दल जे धरून चालली होती ते सगळं त्यानं आपल्या तोंडानं, तेही मातृभाषेत, कबूल केलं होतं. नाही म्हणायला हरकत नव्हती. नाही म्हणायला हवंच होतं. पण नोकरीविना गेलेलं ते वर्ष तिच्या मानगुटीवर बसलेलं होतं, आणि आणखीही एक गोष्ट होती जी तिनं शामकांतलाही सांगितली नाही: तो मजला तिनं मांडला होता, आणि तो एकदा भरलेला तिला बघायचा होता.

‘कुणाला पैसे द्यायचे नाहीत,’ ती म्हणाली. ‘कुणी कामाला हात लावायचा नाही. कुटुंब आणि मित्रांसाठी खुला दिवस, असं आमंत्रणावर लिहायचं. उद्या कुणी विचारलं तर मला उत्तर देता आलं पाहिजे.’

‘तुम्ही म्हणाल तसं, ताई. तुम्ही म्हणाल तसं.’

माणसं कुठून आणायची हे तिला लगेच सुचलं होतं. दिवसा, कामाच्या वेळी मोकळी असणारी, ऑफिसात शोभणारी, इंग्रजी बोलणारी साठ माणसं: तरणतलावाकाठच्या त्या सगळ्याजणी. तिनं मंडळाच्या ग्रुपवर निरोप टाकला. नव्या ऑफिसचं उद्घाटन आहे, दोन-तीन तास यायचं, ऑफिस भरलेलं दिसायला हवं, जेवण आहे, ऑफिसचे कपडे घालून या. दोघीचौघींनी फोन करून विचारलं, नेमकं कशासाठी? तेव्हा तिनं सांगितलं, ‘अहो, हेड आपला मराठी माणूस आहे. ओळखी होतील.’ हे वाक्य तिच्या तोंडून सहज गेलं. बाजारात कोथिंबीर विकताना गिऱ्हाईकाला ताजी आहे म्हणावं तसं.

तिला वाटलं होतं वीसेक येतील, पैठण्या नेसून, गजरे माळून, सेल्फी काढत. उद्घाटनाच्या सकाळी ती वन-नॉर्थ स्टेशनच्या बाहेर उभी राहिली, तर सरकत्या जिन्यावरून त्या येतच राहिल्या. कडक इस्त्रीचे शर्ट. काळ्या पँटी. कपाटाच्या तळातून काढलेल्या लॅपटॉपच्या बॅगा, बहुधा रिकाम्या. कुणाचा कोट मूल होण्याआधीचा असावा, त्याचं बटण लागत नव्हतं म्हणून तो उघडाच सोडलेला. कुणी एकमेकींशी मोदकांबद्दल बोलत नव्हतं. वर पोचल्यावर दारात गळ्यात घालायची ओळखपत्रं दिली, पाहुण्यांची, नाव नसलेली. ती त्यांनी ज्या पद्धतीनं गळ्यात घातली ते निशिगंधाला बघवेना, म्हणून ती खानपानवाल्याला ओरडायला निघून गेली.

त्यात एक अदिती होती. जुरोंग ईस्टला राहणारी, तेहतिशीची, एका बँकवाल्याची बायको. निशिगंधानं तिला मंडळात पाहिलं होतं, पण मुलाच्या मागे धावताना. आज तिनं निळा कोट घातला होता. ती टेबलाशी बसली आणि काही विचार न करता खुर्चीची उंची कमी केली, स्क्रीन डोळ्यांच्या पातळीला आणला, माउस डाव्या हाताला घेतला. डावखुरी होती. साठजणींमध्ये नुसत्या बसलेल्या बऱ्याच होत्या. ही मात्र कामाला बसली होती.

समारंभ जसा व्हायचा तसा झाला. इथल्या रिवाजाप्रमाणे सिंहनृत्यवाले आले, ढोल वाजले, सिंहानं कोबीसारख्या पानांचा गड्डा तोंडात घेऊन ती पानं शुभ म्हणून चहूकडे उडवली. त्यातलं एक चेअरमनच्या खांद्यावर बसलं ते बसलंच. झटकावं की मान द्यावा हे न कळल्यानं त्यांनी ते तसंच ठेवून भाषण केलं. उंच, गुलाबी, म्हातारे गृहस्थ. आशियाची ऊर्जा त्यांना या खोलीत जाणवत होती. यशोधननं सर्वसमावेशकतेसाठी समईसुद्धा लावली, आणि ती लावताना त्याला वात आधी तेलात भिजवावी लागते हे आठवलं नाही. निशिगंधानं पाहिलं, आणि मदत केली नाही.

मग चेअरमन टेबलांमधून फिरले. यशोधन मागे, ओठ ताणून. चेअरमन नेमके अदितीपाशी थांबले.

‘आणि तुम्ही कशावर काम करता?’ त्यांनी इंग्रजीत विचारलं.

अदिती उभी राहिली. ‘गोदामांच्या सॉफ्टवेअरची चाचणी करते,’ ती शांतपणे म्हणाली. ‘कुठला माल कुठं आहे ते यंत्र बरोबर सांगतंय का, हे बघणं. आमची टीम लहान आहे, पण चांगली आहे.’

‘वंडरफुल,’ चेअरमन म्हणाले. ‘वंडरफुल.’ कॅमेऱ्याचा लखलखाट झाला. ते पुढं गेले.

जेवणाच्या वेळी निशिगंधानं तिला गाठलं. ‘काय सांगितलंस तू त्यांना?’

‘खोटं काहीच नाही सांगितलं, काकू,’ अदिती हसली. तिचे गाल तापलेले होते. ‘सहा वर्षांपूर्वी पुण्यात हेच करत होते. फक्त भूतकाळाचा वर्तमानकाळ केला.’ मग आवाज खाली आणून म्हणाली, ‘त्यांना भेटता येईल ना आता? हेडना? तुम्ही म्हणाला होता. मी सीव्ही तयार करून आणलाय.’

यशोधन तोवर पाहुण्यांबरोबर गाडीत बसून गेला होता. एकीचीही ओळख करून न घेता. ‘तू मला पाठव,’ निशिगंधा म्हणाली. ‘मी बोलते.’

ती बोलली. आठवड्यानं, त्याच्या काचेच्या खोलीत जाऊन. त्यानं कागदावर नजर टाकली न टाकली.

‘निश,’ तो म्हणाला. निश परत आली होती. ‘सिक्स इयर्स गॅप. वी आर बिल्डिंग समथिंग वर्ल्ड-क्लास हिअर.’

‘त्या दिवशी चेअरमन हिलाच वंडरफुल म्हणाले. तेव्हा गॅप नव्हती?’

‘दॅट वॉज डिफरंट.’

‘मराठीत सांगा,’ निशिगंधा म्हणाली. ‘त्या दिवशी छान येत होतं.’

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग मनगटावरच्या पट्ट्याकडे, आणि दुसरी मीटिंग असल्याचं सांगितलं.

पुढच्या व्हिडिओ कॉलला यशोधन प्रवासात होता. मुख्य कार्यालयाच्या मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख इंग्रिड एकट्याच होत्या. निशिगंधानं त्यांना सगळं सांगितलं: उद्घाटनाला कोण बसलं होतं, का बसलं होतं, खरी माणसं किती आहेत. स्वतःचा भागही वगळला नाही. बोलून झाल्यावर ती आता काय होतं ते बघत राहिली.

‘हे मोकळेपणानं सांगितल्याबद्दल आभार,’ इंग्रिड म्हणाल्या. ‘आम्हाला साधारण कल्पना होती. ऊर्जा मात्र खरी होती, नाही का?’ मग त्यांनी पॅन्ट्रीतल्या दुधाच्या खर्चाचा विषय काढला.

म्हणजे यशोधन थापा मारत होता आणि वरचे लोक त्या थापा, थापा म्हणून ओळखून, आवडीनं गिळत होते. निशिगंधा इतकी वर्षं माणसांना कमी लेखत आली, पण तिचीही मजल इतकी खाली गेली नव्हती.

दोन आठवड्यांनी कंपनीच्या संकेतस्थळावर फोटो झळकला. निळ्या कोटातली अदिती, समोर वाकलेले चेअरमन, खांद्यावर पान. खाली ओळ: आशियातली आमची गुणवत्ता.

अदितीचा फोन आला नाही. ती स्वतःच आली, शनिवारी सकाळी, हौगांगला. निशिगंधा बाजारातून मासे घेऊन येत होती. ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत दगडी टेबलाशी अदिती बसलेली होती.

‘वर चल ना,’ निशिगंधा म्हणाली.

‘नको. इथंच बरं.’ तिनं फोन समोर धरला. ‘सासूबाईंचा फोन आला होता पुण्याहून. कुणीतरी त्यांना हा फोटो पाठवला. म्हणाल्या, अभिनंदन, आम्हाला कळवलंसुद्धा नाहीस नोकरी लागल्याचं. सगळ्या नातेवाइकांना पेढे वाटले त्यांनी. मी काय सांगू त्यांना?’

‘मी फोटो काढायला लावते. आजच.’

‘लावाल हो. फोटोचं नाही म्हणत मी.’ अदितीचा आवाज चढला नाही. ‘तुम्ही आमच्याकडे कशा बघता ते कळतं आम्हाला, काकू. मंडळात सगळ्यांना कळतं. पण मला वाटायचं, तोंडानं फटकळ असल्या तरी सरळ आहेत. त्या यशला माझं नावसुद्धा माहीत नाही, त्याच्यावर काय रागवायचं? तुम्हाला नाव माहीत होतं. घरी मूल कुणाकडे ठेवून आले तेसुद्धा माहीत होतं. आणि तरी तुम्ही आम्हाला खुर्च्या भरायला आणलंत.’

निशिगंधाच्या हातातल्या पिशवीतून पाणी ठिबकत होतं. तिनं वर पाहिलं, आणि अदिती तिच्याकडे बघत होती. न रागावता. तुमच्याकडून याहून जास्त अपेक्षित नव्हतं, अशी. ती नजर निशिगंधानं कुठंही ओळखली असती.

अदिती उठून गेली.

निशिगंधानं त्याच दिवशी इंग्रिडना लिहिलं की फोटोतली व्यक्ती तुमची कर्मचारी नाही, तिनं संमती दिलेली नाही, आणि मला हे पुढं इथल्या अधिकाऱ्यांना कळवावं लागेल. सोमवारी फोटो नाहीसा झाला. खरं सांगितलं तेव्हा कुणी पापणी हलवली नव्हती. कायद्याची नुसती चाहूल लागली आणि सगळे जागे झाले.

‘देन क्विट, लाह,’ किमया म्हणाली. ‘यू ऑल्वेज से पीपल गॉट नो बॅकबोन.’

निशिगंधानं नोकरी सोडली नाही. ती रोज सेरंगूनला गाडी बदलून वन-नॉर्थला जात राहिली, दुधाची मागणी नोंदवत राहिली, आणि यशोधनशी फक्त मराठीत बोलत राहिली, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. एवढाच तिचा सूड. त्याचंही त्याला काही झालं नाही. वर्ष संपायच्या आत त्याला बढती मिळाली. व्हेस्टरहोल्मला आता आणखी एका देशात हब उघडायचं होतं आणि अनुभवी माणूस हवा होता. निरोपाच्या भाषणात त्यानं सिंगापूरनं आपल्याला नम्रता शिकवली असं सांगितलं. तो गेल्यावर मजल्याचा अर्धा भाग दुसऱ्यांना दिला गेला, मग उरलेलाही. यंत्रांना बुद्धी यायची राहून गेली. शेवटच्या आठवड्यात टेबलं उतरवायला मिस्टर कोच आला, आणि दोघांनी मिळून ती बिनबोलता मोजून ट्रकमध्ये चढवली.

‘जहाज भंगारात काढायलाही माणसं लागतातच, निशी,’ शामकांत म्हणाला.

‘तू गप्प बस,’ ती म्हणाली.

आता ती हौगांगलाच एका दातांच्या दवाखान्यात स्वागतकक्षात बसते. तिथं येणाऱ्या माणसांचं तोंड दुखत असतं, त्यामुळे ती फार बोलत नाहीत. मंडळात ती जात नाही. दोनदा आमंत्रण आलं, दोनदा तिनं कारण सांगितलं.

मागच्या महिन्यात एका जुन्या मैत्रिणीला भेटून येताना जुरोंग ईस्टच्या फलाटावर अदिती दिसली. गळ्यात ओळखपत्र होतं, त्यावर नाव होतं, फोटो होता. एका लहानशा विमा कंपनीनं तिला घेतलं होतं, पास काढून दिला होता. कशी मिळाली नोकरी ते तिनं सांगितलं नाही आणि निशिगंधानं विचारलं नाही.

‘नमस्कार, काकू,’ ती म्हणाली.

‘मी तेव्हाच तुला तोंडावर खरं सांगायला हवं होतं,’ निशिगंधा एकदम म्हणाली. हे वाक्य ती बरेच दिवस बाळगून होती. बोलल्यावर ते फार लहान वाटलं.

‘हो,’ अदिती म्हणाली. ‘हवं होतं.’

निशिगंधा थांबली. आणखी काही येईल असं तिला वाटलं. जाऊ द्या, किंवा असं काहीतरी. गाडी आली, दारं उघडली, अदितीनं मान हलवली आणि ती आत जाऊन दाराशी उभी राहिली, पाठमोरी.

घरी शामकांत भाजी निवडत होता. ‘उशीर झाला?’ त्यानं विचारलं.

‘अदिती भेटली होती.’

त्यानं हातातली जुडी खाली ठेवली. त्याला सगळं माहीत होतं. ‘काय म्हणाली?’

निशिगंधानं पर्स खुंटीला अडकवली, चपला सरळ लावल्या.

‘बूट भयानक घालते,’ ती म्हणाली आणि हातपाय धुवायला आत गेली.